कोपर आतल्या बाजूने दुखत असेल, तर शनिवारची मॅच नको

मुलगा १२ वर्षांचा, अमेरिकेत लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या स्थानिक बेसबॉल लीगमध्ये, पिच करतो (बॅटरला बॉल टाकतो) आणि ट्रॅव्हल टीममध्येही, म्हणजे बाहेरगावी स्पर्धा खेळणाऱ्या वेगळ्या टीममध्ये. दोन आठवडे कोपर आतल्या बाजूने दुखतंय आणि कोच म्हणतायत, बर्फ लावा, शनिवारी खेळेल. तुमचा प्रश्न असा आहे की खेळवायचं का?

नाही. पिचिंग नको, कॅचिंग (पिचरचा बॉल झेलून परत फेकणं) नको, शॉर्टस्टॉपवरही, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या जागीही, उभा करू नका. बॉल फेकणं आजपासून पूर्ण बंद, आणि याच आठवड्यात लहान मुलांच्या खेळातल्या दुखापती बघणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांची वेळ घ्या.

कोपराच्या आत जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तो अंगठ्याने दाबून बघा. दुसऱ्या हाताचाही तसाच दाबा. फेकणाऱ्या हाताचाच दुखला, किंवा तो हात दुसऱ्याइतका सरळ होत नसेल, तर हे 'लिटल लीग एल्बो' असण्याची शक्यता बरीच आहे. मोठ्या पिचरचं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, फाटतं. या वयात लिगामेंटपेक्षा ते जिथे चिकटलेलं असतं तिथली ग्रोथ प्लेट, म्हणजे हाडाच्या वाढीची कूर्चा, जास्त नाजूक असते. हात मागून पुढे येताना कोपर आतल्या बाजूने उघडायला बघतं, लिगामेंट आणि मनगट वाकवणारे स्नायू ते धरून ठेवतात, आणि ती सगळी ओढ त्या कूर्चेवर येते. आधी ती दुखावते, मग रुंदावते. तरीही फेकत राहिलं तर एखाद्या पिचला हाडाचा तुकडाच सुटतो. म्हणून डॉक्टर बहुधा दोन्ही कोपरांचे एक्सरे काढतील, कारण फरक तुलनेतच कळतो.

दुखणं बाहेरच्या बाजूला असेल किंवा कोपर अडकत असेल, तर मात्र एक्सरेवर समाधान मानू नका, एमआरआयबद्दल विचारा. तिथे सांध्याच्या कूर्चेखालचं हाड खराब होत असू शकतं आणि ते प्रकरण जास्त गंभीर असतं. खांद्याच्या वरच्या भागात दुखत असेल तर तिथल्या ग्रोथ प्लेटला साधारण तीन महिने द्यावे लागतात.

भारतातून आजी-आजोबा विचारतील, आपल्याकडे पोरं दिवसभर बोलिंग टाकतात, त्यांना कुठे काय होतं? क्रिकेटच्या नियमानुसार चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, त्यामुळे वेगवान गोलंदाजाचा भार मुख्यतः कमरेच्या मणक्यावर येतो. पिचर कोपर वाकवून हात झटकतो. दोन्हींची तुलना करून निर्णय घेऊ नका.

कोपराला साधारण चार ते सहा आठवडे फेकण्यापासून सुट्टी लागते. बर्फाने दुखणं दबतं, ग्रोथ प्लेट भरून येत नाही. मॅचआधी आयबुप्रोफेन (दुखणं कमी करणारी गोळी) देणं तर घातकच, कारण थांबायची खूणच नाहीशी होते. या काळात पाय, खुबे, पोट-पाठ आणि खांद्यामागच्या फऱ्याच्या हाडाभोवतीचे स्नायू यांच्यावर काम करून घ्या. पिचचा जोर पायांतून वर येतो, आणि जो खालून येत नाही तो हाताला भरून काढावा लागतो.

परत फेकायला सुरुवात तारीख बघून करायची नाही. उंचवटा दाबल्यावर दुखत नाही, हात पूर्ण सरळ होतो आणि डॉक्टरांनी होकार दिलाय, या तिन्ही गोष्टी हव्यात. मग एक दिवसाआड. ४५ फुटांवरून २५ थ्रो, पाच-दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा २५. ते जमलं की त्याच अंतरावर २५चे तीन सेट. मग हेच ६० फुटांवर, मग ९० वर. माउंडवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या मातीच्या चढावर, त्यानंतर, सुरुवातीला १५ पिच, फक्त फास्टबॉल (सरळ, वेगवान बॉल). 'अर्ध्या जोराने टाक' या सूचनेवर भिस्त ठेवू नका. मुलं अर्धा जोर समजून त्याहून बरंच जोरात टाकतात. अंतर आणि आकडाच मोजा.

वॉर्मअपला थोडं दुखलं आणि पहिल्या १५ थ्रोमध्ये थांबलं, तर पुढची पायरी नको, मागचीच पुन्हा करा. १५ थ्रोनंतरही दुखत राहिलं तर तिथेच थांबा, दोन दिवस सुट्टी आणि एक पायरी खाली. फेकून झाल्यावर तासाभरानंतरही किंवा दुसऱ्या दिवशी दुखलं तर एक दिवस सुट्टी आणि तीच पायरी परत. हे सगळं स्नायूंच्या ठणक्याबद्दल. तोच हाडाचा उंचवटा पुन्हा दुखायला लागला तर थेट डॉक्टरांकडे.

आता हे झालं कशामुळे? माझ्या मते दोन टीममुळे. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉलच्या 'पिच स्मार्ट' नियमांत ११-१२ वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच आहेत. १४ वर्षांपर्यंत २१ ते ३५ पिचनंतर एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० नंतर दोन, ५१ ते ६५ नंतर तीन, ६६ पासून पुढे चार. समजा गुरुवारी लिटल लीगमध्ये ६० पिच झाले. शुक्रवार, शनिवार, रविवार सुट्टी हवी. पण ट्रॅव्हल टीमच्या कोचकडे गुरुवारचा आकडाच नसतो, त्याच्या वहीत मुलगा शनिवारी ताजातवाना. हा हिशोब फक्त तुम्हीच ठेवू शकता. फोनमध्ये तारीख, टीम, पिच एवढं लिहा आणि दोन्ही कोचना पाठवत जा. पिचिंगनंतर कॅचर म्हणून उभं करू देऊ नका. लिटल लीगमध्ये तर ४१ पिच टाकल्यावर त्या दिवशी कॅचिंगला मनाईच आहे.

आकड्यापेक्षाही थकवा महत्त्वाचा. अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या अभ्यासात, हात थकलेला असतानाही नेहमी पिच करणाऱ्या किशोरांत सर्जरीपर्यंत जाण्याचा धोका ३६ पट आढळला. त्यामुळे ८५ची वाट बघत बसू नका. कोपर खाली यायला लागलं, बॉल सारखे उंच जायला लागले, दोन पिचमध्ये तो हात झटकतोय किंवा जास्त वेळ घेतोय असं दिसलं, की पन्नासावर असला तरी काढून घ्या.

वर्षातून किमान चार महिने पिचिंग बंद, त्यातले दोन-तीन सलग आणि त्या सलग काळात खांद्यावरून फेकण्याचा कुठलाच खेळ नको. टेक्सास, कॅलिफोर्नियात मैदानं बारा महिने चालू असतात, तिथे ही सुट्टी घरच्यांनाच ठरवावी लागते. हिवाळ्यातली इनडोअर पिचिंगची शिकवणीसुद्धा पिचिंगच.

कर्व्हबॉल (वळणारा बॉल) आत्ता नको. आधी फास्टबॉल आणि चेंजअप (तशाच हालचालीने टाकलेला संथ बॉल) हुकमी येऊ द्या. आणि पुढच्या वर्षाचं आत्ताच ठरवा. पिचिंगचं अंतर ४६ फुटांवरून ६० फूट ६ इंचांवर जाताना तोच बॉल तेवढ्याच जोरात पोचवायच्या नादात मुलं हातावर जोर काढतात. मधलं ५० किंवा ५४ फुटांचं माउंड असलेली लीग जवळपास असेल तर एक सीझन तिथे खेळवा.