‘फारकत’मधलं खत

एका वाचकाने विचारलं आहे: घटस्फोट, काडीमोड आणि फारकत यांत अर्थाचा काही भेद आहे का? ‘फारकत’ हा शब्द ‘फरक’वरून आला का? आणि सुशिक्षित माणसाने लिहिताना ‘घटस्फोट’च वापरावा, फारकत हा खेडवळ शब्द आहे, असं कुणी सांगितलं ते बरोबर का?

फारकत ‘फरक’वरून आलेला नाही. हे आधी सांगून टाकते, कारण मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते आणि हा शब्द रोज चुकीच्या अर्थाने ऐकते. ‘अमुक पक्षाने युतीशी फारकत घेतली’, ‘वास्तवाशी फारकत घेतलेला अर्थसंकल्प’ ही वाक्यं वर्तमानपत्रांतून इतकी रुळली आहेत की फारकत म्हणजे नुसतं दूर जाणं, असं लोकांना वाटू लागलं आहे. दूर जायला फारकत लागत नाही. माणूस बॅग भरून माहेरी जातो, दुसरं घर भाड्याने घेतो, दहा वर्षं वेगळा राहतो. फारकत झालेली नसते.

काडीमोडीबद्दल फार बोलायला नको. पंचांसमोर काडी मोडून संबंध तुटल्याचं जाहीर करायचं, एवढाच तो विधी आणि तेच नाव. सोडचिठ्ठीचा अर्थ तर शब्दातच आहे. फारकतीकडे मात्र नीट पाहायला हवं, कारण तिच्या पोटात एक दस्तऐवज दडलेला आहे.

मूळ शब्द ‘फारिगखती’. अरबी ‘फारिग’ म्हणजे मोकळा, कामातून किंवा देण्यातून सुटलेला. जुन्या मराठीत ‘देणं फारीक केलं’ म्हणत, तो हाच शब्द. आणि ‘खत’ म्हणजे लेख: खरेदीखत, गहाणखत, कर्जखत यांतलं खत. सावकाराचं देणं फिटलं की त्याने ऋणकोला लिहून द्यायचं, की आता तुझ्याकडे माझं काही येणं उरलं नाही. तो कागद म्हणजे फारखत किंवा फारखती. भावाभावांत वाटण्या होऊन एकाने आपला हक्क सोडला, तरी असाच कागद व्हायचा. त्याला आज आम्ही हक्कसोडपत्र म्हणतो. नवराबायकोचा संबंध मिटवतानाही कुणी नवा शब्द घडवला नाही, पेढीवरचा शब्द जसाच्या तसा उचलला. शेजारच्या गुजरातीत लग्न मोडण्याला ‘फारगती’ म्हणतात. तिथे ‘ग’ शाबूत राहिला, आपल्याकडे ‘ग’ आणि ‘ख’ एकमेकांत मिसळले.

‘फुरकत’, म्हणजे विरह, या अरबी शब्दावरून किंवा थेट ‘फरक’वरून व्युत्पत्ती लावणारे अभ्यासक आहेत. त्यांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. ‘फुरकत’मधल्या उकाराचा मराठीत ‘फा’ का झाला, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. ‘फारखती’मधला शेवटचा दीर्घ ईकार कुठून आला, याचंही नाही. राहिला ‘ख’चा ‘क’. शब्दाच्या शेवटाकडचा महाप्राण सैल करणं ही मराठीची जुनी सवय आहे. प्राकृतातल्या ‘भुक्खा’ची आपण भूक केली, ‘हत्थ’चा हात केला. आणि कोर्टाच्या आवारात ‘पुढची तारीक कधी’ असं विचारणारी माणसं मला रोज भेटतात. ज्या तोंडात तारीखची तारीक होते, त्या तोंडात फारखतची फारकत होणारच.

पण ध्वनीच्या नियमांहून मोठा पुरावा क्रियापदांचा आहे, आणि कोशकार त्याकडे लक्ष देत नाहीत याचं मला वाईट वाटतं. फारकत ‘लिहून देतात’, फारकत ‘घेतात’. विरह कोणी लिहून देत नाही, फरक कोणी घेत नाही. कागद लिहून देतात आणि कागद घेतात. ‘त्याने बायकोला फारकत दिली’ या वाक्यात दोन माणसं आहेत आणि मध्ये एक हस्तांतर आहे. म्हणून ‘वास्तवाशी फारकत’ मला सहन होत नाही. वास्तवाने कोणाला पावती लिहून दिली? आणि ‘फारकतनामा’ तर सरळ द्विरुक्ती आहे. खत आत असताना बाहेरून नामा कशाला जोडायचा?

नुसती फारखत कशी असते, हे रखमाबाईंच्या खटल्यात दिसतं. दादाजी भिकाजींनी १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात पत्नीने नांदायला यावं म्हणून दावा लावला. न्या. पिन्हे यांनी १८८५ साली तो फेटाळला, अपिलात तो निर्णय टिकला नाही, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असा हुकूम दिला. रखमाबाई कैदेला तयार होत्या. शेवटी १८८८ साली तडजोड झाली: दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तो हुकूमनामा बजावण्याचा हक्क सोडला. विवाह कोणत्याही कोर्टाने मोडला नाही. दादाजींचं येणं मात्र संपलं. शब्दाच्या मूळ अर्थाने ही शंभर टक्के फारखत होती, आणि घटस्फोट मुळीच नव्हता.

आजही परस्परसंमतीच्या अर्जात, म्हणजे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली, आम्ही ज्या अटी लिहितो त्यांचा गाभा हाच असतो. एकरकमी पोटगी मिळाली, स्त्रीधन परत मिळालं, घरावर हक्क सांगणार नाही, एकमेकांवरचे खटले मागे घेऊ. पक्षकार याला ‘सेटलमेंट’ म्हणतात. आपल्या भाषेत त्याला शब्द आहे, हे त्यांना सांगितलं की ते चकित होतात. आणि फारखत ज्याचं येणं आहे त्यानेच लिहायची असते, हा पेढीवरचा नियम इथेही लागू आहे. मुलांच्या खर्चाचा हक्क मुलांचा आहे, त्यामुळे आईने ‘मला आणि मुलांना काही नको’ असं लिहून दिलं तरी मुलांचा हक्क बुडत नाही. थकलेल्या, लवकर सुटका हवी असलेल्या बायका हे वाक्य लिहायला निघतात तेव्हा मी त्यांना थांबवते.

आता घटस्फोट. हा शब्द सुसंस्कृत आणि फारकत गावंढळ, असं ज्याने सांगितलं त्याने मनुस्मृतीचा अकरावा अध्याय उघडावा. पतित ठरलेल्या माणसाच्या नात्यागोत्यातल्यांनी गावाबाहेर, अशुभ दिवशी, संध्याकाळी जमायचं. दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडायचा, मेलेल्यासाठी करतात तसा. मग सगळ्यांनी एक अहोरात्र सुतक पाळायचं. माणूस जिवंत असतो. घटस्फोट म्हणजे मुळात जिवंत माणसाला मेलेला ठरवून जातीबाहेर टाकण्याचा विधी. विवाहाशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला. ‘संसाराचा घट फुटला म्हणून घटस्फोट’ हे लग्न-समुपदेशनाच्या व्याख्यानांत सांगितलं जाणारं स्पष्टीकरण मागाहून रचलेलं आहे. एक शब्द माणसाला मेला म्हणतो, दुसरा म्हणतो आपला हिशेब पुरा झाला. यांतला सभ्य कोणता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घटस्फोटित बाईकडे समाज अजून ज्या नजरेने पाहतो, ती नजर मला त्या लवंडलेल्या घटातूनच आलेली वाटते.

तरी कोर्टात अर्ज करताना घटस्फोटच लिहावं लागतं, कारण कायद्याच्या व्यवहारात तो रुळला आहे आणि फारकत म्हटल्याने धोकादायक गैरसमज होतात. स्टँप पेपरवर दोघांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारून ‘आमची फारकत झाली’ म्हणणारी जोडपी दर महिन्याला येतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीने चालत आलेला घटस्फोट राखून ठेवला आहे हे खरं, पण आपल्या जातीत अशी रूढी आहे हे स्पष्टपणे मांडावं आणि सिद्ध करावं लागतं, असं सुप्रीम कोर्टाने २००२ साली सांगितलं आहे. नोटरीच्या शिक्क्याने रूढी सिद्ध होत नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं कलम ४९४ होतं. फसते ती बहुधा दुसरी बायको. तिला कागद दाखवलेला असतो, आणि तिने तो खरा मानलेला असतो.

तेव्हा नवराबायकोतली देणीघेणी मिटली असतील तर खुशाल फारकत म्हणा. विवाह संपला हे सांगायचं असेल तर हातात कोर्टाचा हुकूमनामा हवा. रूढीवर विसंबणार असाल, तर ती कोर्टात शाबीत करण्याची तयारी ठेवा. आणि युतीतून पक्ष बाहेर पडला तर ‘बाहेर पडला’ असं लिहा.