घोडी ताडपत्रीला बुजते

प्रश्न : माझी घोडी मैदानाच्या कडेला पडलेल्या ताडपत्रीजवळ आली की झटकन बाजूला उडी मारते. लगाम खेचून जवळ नेलं तर जास्तच बिथरते. काय करावं?

उत्तर : आधी पशुवैद्याकडून डोळे, दात आणि पाठ तपासून घ्या, खोगीर खुपत असेल तर शिकवून काही उपयोग नाही.

खेचणं थांबवा. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, कपाळाच्या अगदी समोरचं त्याला दिसत नाही. वस्तू नीट पाहायला तो मान वरखाली करतो. लगाम ताणलात की तेच बंद होतं, मग घाबरणारच.

पहिले काही दिवस पायीच, हातात दोरी धरून फिरवा. तिच्या खांद्याजवळ चाला, समोर नको. कान ताडपत्रीकडे वळले पण पाय शांत आहेत, ते तुमचं अंतर. तिथेच ये-जा करा. मान खाली आली, श्वास सुटला की थोडं जवळ. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. दोन्ही बाजूंनी करा. डावीकडून ओळखीची झालेली वस्तू उजवीकडून तिला नवीच वाटू शकते.

स्वार झाल्यावर ताडपत्री डावीकडे असेल तर तिचं तोंड किंचित उजवीकडे वळवा आणि उजवा पाय पोटाला लावून ठेवा, म्हणजे ती उजवीकडे सरकणार नाही. नजर पुढच्या वाटेवर ठेवा. बुजलीच तर मारू नका, मोठ्या वर्तुळात फिरवून पुन्हा लांबून न्या. गुडघे आवळून बसण्याची सवय मात्र मोडा, त्यानं तिला पळायचा इशारा मिळतो. हेल्मेट हवंच.