मिलो, युरो आणि निम्मी बटाई

प्रश्न : आजोबा सांगतात, बहात्तरच्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले, ती अमेरिकेची. आता पेपरात परदेशी गुंतवणुकीच्या बातम्या. मदत आणि गुंतवणूक यांत नेमका फरक काय? देश पुढे जातो तो कशाने?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : मिलो मीही खाल्ली आहे. भाकर थापताना चिरायची आणि आई वैतागायची.

‘मदत’ या शब्दावर फार जाऊ नका. 1956 नंतर पीएल-480 या अमेरिकेच्या धान्यविक्रीच्या कायद्याखाली तिथला गहू येऊ लागला, तो फुकट नव्हता. आपण रुपयांत पैसे मोजत होतो. ते रुपये इथेच साचत गेले आणि 1974 मध्ये अमेरिकेच्या राजदूतांनी 1664 कोटींचा चेक भारताला परत दिला. बँकेत माझा जन्म गेला, पण असला चेक स्वप्नातही आला नाही.

आता आपल्या धुळे जिल्ह्यातल्या साक्रीचं बघा. शिवाजीनगरचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेच्या कर्जातून उभा राहिला. व्याज कमी म्हणून याला मदत म्हणतात, पण मुद्दल फेडायचंच. आणि युरोत घेतलेल्या कर्जाची गंमत अशी, की 2013 च्या सुरुवातीला युरो सत्तरीच्या घरात होता, 2024 मध्ये नव्वदीच्या आसपास. ऊन तेवढंच, हप्ता मात्र फुगला.

कारखान्यातली थेट गुंतवणूक ही निम्म्या बटाईसारखी. पीक बुडालं तर बटाईदारही बुडतो; सावकाराला त्याचं काही नाही. पण पिकलं की निम्मं बटाईदाराच्या घरी जाणार, हे धरूनच चाला. शेअर बाजारात येणारा परदेशी पैसा वेगळा. तो हंगामी व्यापारी, भाव पडला की गाडी वळवतो.

दक्षिण कोरियाला 1950 च्या दशकात अमेरिकेची भरपूर मदत मिळाली. घोडदौड सुरू झाली ती साठच्या दशकात, निर्यातीचा माल स्वतः बनवायला लागल्यावर. मला यातलं मर्म समजलं ते रावेरकडच्या एका केळी पॅकहाऊसमध्ये. कर्ज मीच मंजूर केलं होतं. परदेशी शीतयंत्र बंद पडलं, मेकॅनिक पुण्याहून चौथ्या दिवशी आला. 13 डिग्रीवर ठेवायची केळी तोवर पिवळी झाली होती. पुढे तेच यंत्र फैजपूरकडचा एक आयटीआय झालेला पोरगा तासाभरात खोलायला लागला. त्यानंतर कर्जाच्या प्रत्येक फाईलवर मी पहिला प्रश्न विचारायचो : बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, आणि तो राहतो कुठे?