ता. क. मधली बिस्किटं

प्रिय मावशी,
मी सोलापूरची, वय ३८, माध्यमिक शाळेत शिकवते. सात महिन्यांपूर्वी माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली, स्लीव्हची, म्हणजे जठर कापून लहान करतात ती. तेव्हा ११२ किलो होते, आज ८३ आहे. शुगरच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, जिना चढताना गुडघे दुखत नाहीत. पण रोजचं जगणं काही सोपं झालं नाही. खरं काय ते फक्त नवऱ्याला आणि सासूबाईंना माहीत आहे. बाकीच्यांना 'पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन' सांगितलं. वजन कसं उतरलं असं कुणी विचारलं की 'दोनच वेळा जेवते' म्हणते. आता धाकटी नणंद माझं बघून एकच वेळ जेवायला लागली आहे, परवा तिला चक्कर आली. महालक्ष्म्यांच्या जेवणात मी चार घास खाऊन थांबले, तर सासूबाई म्हणाल्या, 'माझ्या हाताला चवच राहिली नाही म्हणायची.' शाळेत मधल्या सुट्टीत पोळी-भाजी खाल्ली की आठवड्यातून दोन-तीनदा उलटी होते. केस मूठमूठ गळतात. दर रविवारी आम्ही दोघं बाहेर खायला जायचो, तेही बंद झालं. हे आता काहीतरी बांधून आणतात आणि टीव्हीपुढे एकटेच खातात. मी चुकले का?
ता. क. रात्री सगळे झोपले की मी चहात बुडवून बिस्किटं खाते. अर्धा पुडा. हे कुणालाच माहीत नाही.

*

मावशी म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते.

तुझ्या पत्राला मी शेवटाकडून उत्तर देणार आहे. इतकी वर्षं पत्रं वाचून एवढं कळलंय, की खरं दुखणं ता. क. मध्ये असतं, वरचा मजकूर तिथवर पोचायचा धीर गोळा करण्यासाठी लिहिलेला असतो. तर आधी बिस्किटं.

तू हावरट नाहीस. तुझ्या जठराचा पाऊण भाग, किंबहुना त्याहूनही थोडा जास्त, काढून टाकलाय. उरलीय ती केळ्याच्या आकाराची नळी, चहाच्या एका कपात मावेल तेवढंच तिच्यात मावतं. भुकेचा निरोप मेंदूला धाडणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या गेलेल्या भागातच तयार व्हायचं, म्हणून तुला पहिल्यासारखी भूक लागत नाही. पण दिवसभर वर्गावर घसा कोरडा करून, नणंदेला थाप मारून, सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघत चार घास गिळून तू रात्री अकराला ओट्याशी एकटी उभी राहतेस, तेव्हा जी लागते ती भूक जठरात नसतेच. ती कोणत्या सर्जनला सापडायची?

आणि बिस्किटंच का, तर त्याला कारण आहे. घट्ट वरणाचे चार-सहा चमचे गेले की तुझं पोट 'बास' म्हणतं. चहात भिजलेल्या बिस्किटाचा लगदा होतो, तो नळीतून सुळकन खाली उतरतो, पोटाला कळतच नाही. आठ-दहा सहज जातात. आइस्क्रीमचं, चिवड्याचं, वेफर्सचं तेच. ऑपरेशननंतर वजन परत चढतं ते सणाच्या ताटामुळे क्वचितच. असल्या उभ्याउभ्या, येताजाता खाण्यानं चढतं. सध्या सातवा महिना आहे, काटा उतरतोय, म्हणून हे खपून जातंय. बऱ्याच जणांची भूक वर्ष-दीड वर्षानं परत डोकं वर काढते, आणि तोवर ही सवय मुरलेली असेल.

पण मी 'बिस्किटं सोड' म्हणणार नाही. सांगून सुटली असती तर तू ता. क. लिहिलाच नसतास. माझ्या एका मावसबहिणीची बायपास झाली होती. ती चकल्या कपाटात साड्यांच्या घडीत ठेवायची. पैठणीला तेलाचा डाग पडला तेव्हा घरात कळलं. त्या दिवशी ती जेवढी रडली तेवढी ऑपरेशनच्या वेळीही रडली नव्हती, आणि मग म्हणाली, 'सुटले गं एकदाची.' तेव्हा तू एवढंच कर: खायचीच असतील तर ताटलीत काढ, खुर्चीवर बस, दिवा लाव आणि नवरा जागा असताना खा. लपून खाल्लेल्याला मोजमाप नसतं. पाचवं बिस्किट हवंच आहे का, हे तुझं तुलाच कळेल. तरीही हात आवरत नाही असं आठवड्यातून बऱ्याच रात्री होत असेल, तर जिथे ऑपरेशन झालं तिथल्या समुपदेशकाची वेळ घे. ऑपरेशनआधी त्यांनी तुला दोन प्रश्न विचारले असतील आणि तू 'सगळं ठीक' म्हणाली असशील. आता खरं सांग.

उलटीचं मात्र 'बघू' म्हणून चालायचं नाही. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. नळी कुठे अरुंद झाली आहे का ते त्यांना बघू दे. शिवाय उलट्या चालूच राहिल्या तर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, फार लवकर संपतं. मग पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, इथपर्यंत गोष्ट जाते. यातलं काही दिसलं तर वेळ घेत बसू नको, तडक हॉस्पिटल गाठ.

बहुतेक वेळा कारण साधंच असतं. तू वीस मिनिटांच्या सुट्टीत वह्यांचा गठ्ठा सरकवून, बोलत बोलत पोळी संपवतेस. पोळी नीट चावली नाही की तिचा गोळा होतो आणि नळीच्या तोंडाशी अडकतो. मग छातीत दाटतं, तोंडाला फेसासारखी लाळ सुटते आणि तू बाथरूमकडे पळतेस. (स्टाफरूममध्ये आत्तापर्यंत कुणीतरी तुला 'गोड बातमी का?' विचारून झालं असणार. त्यावरून आठवलं: वजन उतरलं की दिवस राहायची शक्यता वाढते आणि पहिलं वर्ष-दीड वर्ष ते टाळायचं असतं. तेवढं डॉक्टरांशी बोलून ठेव.) तर शाळेच्या डब्यातून पोळी काही दिवस रजेवर पाठव. वरणात कुस्करलेली भाकरी, पनीरची भुर्जी, मऊ शिजवलेली मुगाची उसळ असलं ने. निम्मं मधल्या सुट्टीत खा, निम्मं ऑफ पिरियडला. जेवताना पाणी नको, जेवल्यावर अर्धा तास नको. एरवी दिवसभर बाटली जवळ ठेवून घोट घोट. सोलापूरच्या उन्हात हे विसरलीस तर चक्कर तुलाही येईल.

केस गळतात ते वजन झपाट्यानं उतरल्यामुळे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हे सुरू होतं आणि सहसा आपोआप थांबतं. पण प्रथिनं कमी पडत असतील, लोह कमी असेल, तर लांबतं. तुझ्या पत्रात जीवनसत्त्वांच्या, लोहाच्या गोळ्यांबद्दल एक अक्षर नाही, त्यावरून मी ताडते की त्या बंद आहेत. 'वजन उतरलं, आता कशाला' असं झालं असेल, किंवा महिन्याचं बिल बघून. बाई गं, बी-१२, लोह, कॅल्शियम, डी हे आता जन्माचे सोबती. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नको, मध्ये दोन तास जाऊ दे. प्रथिनं दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतात आणि आपल्या स्वयंपाकात ती सहज भरत नाहीत: वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, पेलाभर दुधात आठ, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, अंडं चालत असेल तर एकाचे सहा. तुझ्या कपभर पोटात हे बसवायचं म्हणजे हिशोबच. आहारतज्ज्ञांनी पावडर सांगितली असेल तर ती नाक मुरडत का होईना घे. आणि रक्ततपासणी राहिली असेल तर ती उरकून टाक.

ज्या पित्ताच्या खड्यांचं नाव तू पुढे केलंस ना, ते वजन वेगानं उतरताना खरोखरच होऊ शकतात. जेवणानंतर उजवीकडे बरगडीखाली कळ आली तर अंगावर काढू नको. तेव्हा नातेवाइकांना काय सांगशील, पित्ताशय परत उगवलं?

आता सासूबाई. त्यांच्या वाक्यात टोमणा आहे, पण दुखणंही आहे. वर्षभर वाट बघून रांधलेल्या सोळा भाज्या, पुरणपोळी, कटाची आमटी, आणि सून चार घासांत थांबते. आपल्याकडे बायकांनी माया वाढली ती पळीनं. ती पळी परत केली की त्यांना वाटतं, मलाच परत केलं. त्यांना ऑपरेशन झालं हे माहीत आहे. झालं म्हणजे काय झालं, हे कुणी सांगितलंय का? मला शंका आहे. दुपारी दोघीच असाल तेव्हा चहाचा रिकामा कप त्यांच्यापुढे ठेव आणि म्हण, 'आई, माझं पोट आता एवढं आहे.' मग सोळा भाज्यांचा एकेक मोठा चमचा पाणी त्याच कपात घालायला त्यांनाच सांग. कप वाहायला लागेल तेव्हा त्या काय बोलतात ते बघ. माझा अनुभव असा, की या पिढीच्या बायकांना शब्दांपेक्षा मापं लवकर पटतात.

त्यांच्या हाताला काम मात्र दे. मुगाचं कढण, हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेलं घट्ट वरण, घरच्या दुधाचं पनीर हे तू करण्यापेक्षा त्यांच्याकडून मागून घे. ताटात आधी वरण-उसळ, मग भाजी, आणि जागा राहिलीच तर पुरणपोळीचा नखाएवढा तुकडा. गुळाचं एकदम जास्त गेलं तर काहींची छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो, पोटात मुरडा येतो. अनुभव आला असेल, नसेल तर घेऊ नको. आणि लग्नकार्यात पंक्तीला बसण्याऐवजी पदर खोचून वाढायला उभी राहा. वाढणारणीला कुणी आग्रह करत नाही, ही जुनी युक्ती आहे.

नवऱ्याबद्दल तू सगळ्यात कमी लिहिलंयस. तो एकटा खातो ते तुला जळवायला नाही. तुमचा रविवार म्हणजे गाडीवर बसून सात रस्ता चौकाकडे जाणं, काय खायचं यावर भांडणं आणि एकाच्या ताटलीत दुसऱ्यानं हात घालणं. त्यातलं फक्त खाणं कमी झालंय. गाडी, भांडण आणि त्याची ताटली आहे तशीच आहे. त्याला वाटतं तुझ्यासमोर खाल्लं तर तुला त्रास होईल, तुला वाटतं त्याला आता तुझी सोबत नको. दोघं गप्प. येत्या रविवारी तूच म्हण, 'चला.' त्यानं मागवावं, तू दोन घास त्याच्यातले घ्यावेत, मग सिद्धेश्वर तलावाला एक चक्कर. २९ किलो उतरलेली बायको शेजारून चालताना पुरुषाच्या मनात थोडी धाकधूकही असते, हे जाता जाता सांगते. विचारलंस तर तो नाकारेल.

'मी चुकले का' याचं माझं उत्तर: नाही, चुकली नाहीस. शुगरच्या गोळ्या सुटल्या, गुडघे चालायला लागले, आणखी काय हवं? लोक 'सोपा मार्ग घेतला' म्हणतील ही तुझी भीती मला कळते. ज्यांना आठवड्यातून तीनदा शाळेच्या बाथरूममध्ये ओकावं लागत नाही त्यांना तो सोपा दिसतोच. शेजारच्या काकूंना, स्टाफरूमला, भिशीच्या बायकांना खरं सांगायचं तुझ्यावर कसलंही बंधन नाही. 'डॉक्टरांच्या सल्ल्यानं उतरवलं' एवढं त्यांना पुरे, आणि ते खोटंही नाही.

नणंदेचं तसं नाही. ती तुझ्या थापेवर उपाशी राहते आहे. तिचं जठर अख्खं आहे, तिला पूर्वीसारखीच कडकडून भूक लागते, आणि रोज रात्री ती काटा बघून स्वतःला म्हणत असेल, 'वहिनीला जमलं, मलाच जमत नाही.' हे तिच्या माथी तू मारलंयस, नकळत का होईना. तेव्हा तिला फोनवर नको, घरी बोलाव. सासूबाई देवळात गेल्या की आतल्या खोलीत ने आणि पोटावरचे ते चार-पाच बारीक व्रण आधी दाखव. ती चिडेल, बहुतेक रडेलही. मग जेवायला बसवून घे. तुझं वाटीत, तिचं ताटात.

— मावशी