हात कुणाचे ते आधी बघ

अरे, तुझा मेसेज वाचला. वॉशिंग्टन-जेफरसन या अमेरिकेच्या सुरुवातीच्या राष्ट्राध्यक्षांच्या शेतीवर एवढं भारावून लिहिलंयस आणि शेवटी विचारतोस की कृषी कॉलेजला जाऊ की त्या नेत्याच्या वृक्षारोपण टीममध्ये. भारावलास ते ठीक, पण हात कुणाचे होते ते बघितलंस का?

वॉशिंग्टनने १७६० च्या दशकात तंबाखू सोडून गहू धरला, कारण तंबाखू जमीन खाते, भाव लंडनचे व्यापारी ठरवणार आणि वर त्यांचंच कर्ज. परावलंबन म्हणजे काय हे त्याला तिथे कळलं असणार, मान्य. पण १७९९ ला तो गेला तेव्हा माउंट व्हर्ननवर, म्हणजे त्याच्या शेतवाडीवर, ३१७ गुलाम होते. आणि जेफरसन! जमीन कसणारे म्हणजे देवाची लाडकी माणसं असं लिहून गेला, आणि त्याची १००० फूट लांब भाजीची बाग डोंगर कापून तयार केली गुलामांनी. हात कुणाचे, बाबा, हात कुणाचे.

आपले जोतीराव घे. माळ्याच्या घरातले, पुण्याजवळच्या मांजरी गावात स्वतःची शेती. म्हणून १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये नुसता संताप नाही, पाटाचं पाणी वेळेवर येत नाही पण पाणीपट्टी पुरी घेतात हे आहे, प्रत्येक शेताला पाण्याची तोटी द्या हे आहे, आणि लष्कर-पोलिसातल्या रिकाम्या शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्या म्हणजे पावसाचं पाणी शेतात मुरेल, हे तर मला सगळ्यात आवडतं. हे ऑफिसात बसून सुचत नाही रे. लिहिता लिहिता गावोगाव वाचूनही दाखवलं, त्यात आपलं ठाणं पण आहे, माहितीय का तुला?

मला लोक टोमणे मारतात, एवढी वर्षं चळवळीत काढून साधा नगरसेवक नाही झालास. नाही झालो. आमच्या खाडीकाठच्या खाचरांचा बांध फुटला की घरटी एक माणूस चिखल घेऊन धावायचा, कारण खारं पाणी घुसलं की पुढची दोन-तीन वर्षं भात नाही. बांधावर कोण आलं आणि कोण नाही, हे अख्ख्या गावाला पाठ. ती सवय लागलेल्या माणसाला तिकिटासाठी कुणाच्या मागे फिरणं जमत नाही, मग याला अडेलपणा म्हणा नाहीतर काही. आता तिथे टॉवर आहेत, त्याची हळहळ मरेपर्यंत राहणार.

कॉलेजचा फॉर्म भर, त्यात विचार कसला करतोस. आणि टीममध्ये जायचंच असेल तर जा, पण गेल्या जुलैत फोटो काढून लावलेल्या रोपांना एप्रिलमध्ये टँकर कोण घालतं, त्याला रोज किती मिळतात, ते विचारून ये आणि मला कळव.