‘भाला’ उलटा का फिरत नाही?

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांना विलोमवाक्यांचा, म्हणजे उलटं वाचलं तरी तीच राहणाऱ्या वाक्यांचा, भारी नाद, म्हणून पायथन या संगणकाच्या भाषेत वाक्य उलटं वाचून तपासणारा प्रोग्राम लिहिला. ‘रामाला भाला मारा’ टाकलं, मधल्या मोकळ्या जागाही काढल्या, तरी उत्तर ‘नाही’! काहून होतंय असं?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तुझा प्रोग्राम अक्षरं उलटवतच नाहीये, युनिकोडचे, म्हणजे संगणक लिपीतली चिन्हं ज्या पद्धतीने साठवतो तिचे, तुकडे उलटवतोय. आपल्या लेखी ‘रा’ हे एक अक्षर. युनिकोडमध्ये ‘र’ वेगळा, काना वेगळा. ७ अक्षरांचं हे वाक्य संगणकाला १४ तुकड्यांचं दिसतं. ते उलटवलं की काना पुढे येतो आणि ‘र’ मागे राहतो. छापून बघ, ठिपक्यांच्या गोलाला लटकलेला काना दिसेल.

म्हणून आधी वाक्याची अक्षरं पाड. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार मागच्या व्यंजनाला चिकटव. पाय मोडल्याचं चिन्ह आलं तर पुढचं व्यंजनही त्याच अक्षरात घे, नाहीतर ‘क्ष’ फुटेल. मग ही अक्षरांची यादी उलटव.

आता ‘चिमा काय कामाची’ टाक. पुन्हा ‘नाही’ येईल, कारण पहिली चि ऱ्हस्व, शेवटची दीर्घ. इथे प्रोग्राम बरोबर आहे. कानाला जुळलं की पुरे, की लिहिलेलंही जुळायला हवं, हे तू ठरवायचंस. मी कानाचं ऐकते.

खरी मजा त्यापुढे आहे. शब्दांची मोठी यादी घे, एकेक शब्द उलटव आणि उलटलेला शब्द यादीत सापडतो का बघ. लता–ताल, राग–गरा, चहा–हाच अशा जोड्या निघतात. अशा जोड्यांचा कागद घेऊन मी धरमपेठेत चहाच्या टपरीवर बसले होते. शेवटच्या जोडीत सहज एक ‘का’ घातला : ‘हाच का चहा?’ उलटं वाच, तेच! परतताना नाग नदीचा पूल लागला, आणि कागदावरची नदी–दीन ही जोडी आठवली. ‘नदी का दीन?’ जिच्यावरून आपल्या शहराला नाव मिळालं, तिच्या काठावर हा प्रश्न जुळला आणि मी कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले. ‘नदी ही दीन’ हेही जुळतं, पण मला प्रश्नच ठेवावासा वाटतो.

तुझी यादी छापून आजोबांच्या हातात दे. मधलं अक्षर त्यांना शोधू दे, आणि जुळलेलं मला नक्की पाठव.