अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या घेताना जुलाब आणि अंगावर पुरळ: ही ॲलर्जीच समजायची का?

तुम्ही लिहिलंय ते असं: घसा दुखत होता म्हणून अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड एकत्र असलेली ६२५ ची गोळी सात दिवसांसाठी मिळाली. दुसऱ्या दिवसापासून जुलाब सुरू झाले. आज सहाव्या दिवशी पोटावर आणि पाठीवर लाल ठिपके उठलेत, खाज मात्र नाही. ही ॲलर्जी आहे का, गोळ्या थांबवू का, आणि यापुढे पेनिसिलिन (अमॉक्सिसिलिन त्याच गटातलं) कायमचं बंद का, असं तुम्ही विचारलंय.

मी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. पुरळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निदान कुणीच करू नये, मीही करणार नाही. पुढची गोळी घेण्याआधी ज्यांनी ती लिहून दिली त्यांना फोन करा आणि पुरळ आजच दाखवा. तोवर चांगल्या उजेडात दोन-तीन फोटो काढून ठेवा, कारण असं पुरळ बघता बघता रूप बदलतं.

मात्र श्वास लागला, छातीत घरघर सुरू झाली, ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थेट तातडीच्या विभागात जा. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. बहुतेक वेळा ते डोस घेतल्यापासून तासाभरातच सुरू होतं. त्यावर पहिला इलाज ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनचा. घरात असलेली ॲलर्जीची गोळी घेऊन वाट बघत बसू नका, तिने हे थांबत नाही. पुरळासोबत ताप येणं, तोंडात किंवा गुप्तांगावर फोड येणं, डोळे लाल होणं, कातडी दुखणं किंवा सुटून येणं हेही तितकंच गंभीर. हे क्वचित होतं, पण तसं काही दिसलं तर गोळी बंद करून लगेच निघायचं.

आता जुलाबांबद्दल. तुमच्या गोळीत दोन औषधं आहेत. काही जिवाणू एक विकर (एन्झाइम) तयार करून अमॉक्सिसिलिनचे तुकडे करतात. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्या विकराला अडवतं, म्हणजे अमॉक्सिसिलिनला काम करता येतं. पण आतड्याला त्रास देण्यात याच जोडीदाराचा हात मोठा असतो, म्हणून नुसत्या अमॉक्सिसिलिनपेक्षा या गोळीने जुलाब जास्त होतात. ६२५ म्हणजे ५०० अमॉक्सिसिलिन अधिक १२५ क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, आणि ३७५ म्हणजे २५० अधिक १२५. दुसरा आकडा दोन्हींत सारखाच आहे. स्ट्रिप संपली म्हणून ६२५ च्या जागी ३७५ च्या दोन गोळ्या घेणारी माणसं मला नेहमी भेटतात. त्यांच्या पोटात क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड दुप्पट जातं आणि मग पोट बिघडलं म्हणून ती परत येतात.

गोळी उपाशीपोटी घेऊ नका, जेवणाच्या सुरुवातीला घ्या. मळमळ बरीच कमी होते. पाणी आणि ओआरएस घेत राहा. जुलाबात रक्त दिसलं, ताप आला, पोटात जोराची कळ येऊ लागली किंवा दिवसभर संडासच्या खेपा थांबेनात, तर ते साधे जुलाब नाहीत असं धरून चाला. अँटिबायोटिकने आतड्यातले नेहमीचे जिवाणू कमी झाले की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू माजू शकतो. अशा वेळी जुलाब बांधणारी गोळी स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचं असतं. हा त्रास कोर्स संपल्यावर, अगदी दोन महिन्यांनीही होऊ शकतो. तेव्हा कुणाच्या डोक्यातही त्या जुन्या गोळ्या नसतात, म्हणून डॉक्टरांना त्यांची आठवण तुम्हीच करून द्यायची.

पुरळाचं मला जरा सविस्तर सांगायचंय. डोस घेतल्यावर तासाभरात अंगावर गांधी उठल्या, प्रचंड खाज सुटली, एक गांध बसली की दुसरीकडे नवी उठली, तर ती खऱ्या ॲलर्जीची खूण असू शकते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर अंगावर सपाट किंवा किंचित उंच लाल ठिपके येणं ही वेगळी गोष्ट. बऱ्याचदा ते आपोआप ओसरतं, आणि त्याचा ॲनाफिलॅक्सिसशी संबंध नसतो. तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकाराकडे झुकतं. शिवाय घसादुखीचं कारण ग्रंथिज्वर असेल, म्हणजे एपस्टाईन-बार विषाणूचा संसर्ग, तर अमॉक्सिसिलिन घेतल्यावर पुरळ उठण्याचं प्रमाण खूपच जास्त असतं. ती पेनिसिलिनची कायमची ॲलर्जी नव्हे, आणि त्या विषाणूवर अँटिबायोटिक चालतही नाही. मानेतल्या गाठी सुजल्या असतील, गळून गेल्यासारखं वाटत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

हे एवढं लिहितेय ते माझ्या आईमुळे. लहानपणी तिला कसलंसं पुरळ आलं होतं. कुठल्या औषधाने, कितव्या दिवशी, कुणालाच आठवत नव्हतं. तरी तिच्या प्रत्येक कागदावर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असं लाल अक्षरात लिहिलेलं असायचं. त्यामुळे प्रत्येक आजारात तिला दुसरं, बहुतेकदा जास्त जड अँटिबायोटिक मिळायचं. साठी उलटल्यावर एका शस्त्रक्रियेआधी त्वचेवर चाचणी झाली, मग देखरेखीखाली एक डोस तोंडाने दिला. काहीच झालं नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचं सांगणाऱ्या दहांपैकी जवळपास नऊ जण तपासणीत तसे निघत नाहीत, आणि खरी ॲलर्जी असलेल्यांतही सुमारे ८० टक्के लोकांची ती दहा वर्षांत ओसरते. कामामुळे हे आकडे मला पाठ होते, तरी आईची तपासणी करून घ्यायचं इतकी वर्षं सुचलं नाही याचं वाईट वाटतं. ही चाचणी घरी करायची नसते, आणि कातडी सोलून निघण्याइतकी गंभीर रिॲक्शन ज्यांना आली आहे त्यांनी तर औषध पुन्हा घेऊन बघायचंच नाही.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला आत्ताच ‘हो’ म्हणू नका. कितव्या दिवशी, कितव्या डोसनंतर, अंगावर कुठे, खाज होती का, किती दिवस राहिलं, एवढं फोटोंसोबत लिहून ठेवा. पुढे कुणी विचारलं तर नुसतं ‘ॲलर्जी आहे’ न म्हणता हेच सांगा.

बाकीचे त्रास थोडक्यात. तोंडात पांढरे चट्टे किंवा योनीमार्गात खाज आणि पांढरा स्राव म्हणजे बुरशीचा संसर्ग. त्यावर सोपे उपचार आहेत. लघवी चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसू लागले, अंगभर खाज सुटली तर यकृताची तपासणी लागेल. हे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेल्या गोळीने क्वचित होतं, वयस्कर पुरुषांत जास्त, आणि कधीकधी कोर्स संपून काही आठवडे झाल्यावर.

तुम्ही इतर कोणती औषधं घेता ते प्रश्नात आलेलं नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर आजच्या फोनमध्ये पहिल्यांदा तेच सांगा. या गोळीसोबत दोन्हींचा परिणाम वाढू शकतो आणि रक्ताची तपासणी लवकर करावी लागते.